मुक्त मांडणीचे घर आणि घराचे शब्द

सदनिकांच्या नूतनीकरणात आज दोन प्रवृत्ती प्रामुख्याने दिसतात. बैठकीची खोली, जेवणाची जागा व स्वयंपाकघर यांमधील भिंती काढून एकच सलग दालन करणे, ही पहिली. आणि चुना, लाकूड, बांबू, दगड, भाजलेली माती हे पदार्थ पुन्हा वापरात आणणे, ही दुसरी. वास्तुविशारद यांचा विचार प्रकाश, वारा व सोय या अंगांनी करतो. भाषेच्या अभ्यासकास मात्र निराळा प्रश्न पडतो. घराच्या भागांची नावे त्यांच्या सीमांवर अवलंबून असतात. सीमाच नाहीशी झाली, तर नावाचे काय होते?

प्रथम भिंतीचा विचार करू. संस्कृत ‘भित्ति’ हा शब्द ‘भिद्’ म्हणजे फोडणे, विभागणे या धातूपासून आला आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने, विभागणे हेच भिंतीचे लक्षण होय. सलोह काँक्रीटच्या सांगाड्यात भार स्तंभ व तुळया पेलतात. आतील साडेचार इंची भिंत बहुधा केवळ विभागणारी असते व अभियंत्याच्या संमतीने ती काढता येते. जुन्या इमारतींत मात्र भिंतच भार वाहते. तेथे ती पाडणे म्हणजे छप्परच धोक्यात घालणे होय.

आता नावे पाहू. कोकणातील जुन्या घरात पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर असे आत आत जाणारे टप्पे असत. ‘माजघर’ यातील ‘माज’ म्हणजे ‘मध्य’, प्राकृत ‘मज्झ’. हा क्रम केवळ स्थलाचा नव्हता. आलेल्या माणसास कुठवर येऊ द्यावयाचे, हे त्याची जात व नाते यांवरून ठरे. आणि घरच्या स्त्रीने बाहेर कुठवर यावे, हेही याच क्रमाने ठरे.

विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांतही हा भेद उमटला आहे. आपण ‘ओटीवर’, ‘ओसरीवर’, ‘माडीवर’ म्हणतो. पण ‘माजघरात’, ‘स्वयंपाकघरात’. ‘वर’ हे उंचवट्याचे, तर ‘त’ हा अंतर्भावाचा द्योतक. पडवी बाजूंनी बरीच उघडी असूनही आपण ‘पडवीत’ म्हणतो. अर्थात अंतर्भावास भिंतच लागते असे नाही, छप्परही पुरते. ‘हॉल’ व ‘किचन’ हे शब्द आले तेव्हा त्यांना बहुधा ‘मध्ये’ जोडले गेले. भिंत गेल्यावर ही रूपे टिकतात, की ‘टेबलापाशी’, ‘खिडकीशी’ अशी वस्तूंवरून स्थळ सांगणारी रूपे त्यांची जागा घेतात, हे तपासण्याजोगे आहे.

पदार्थांच्या नावांत उलट प्रकार आढळतो: वस्तू बदलली, शब्द राहिला. ‘कोबा’ म्हणजे पूर्वी चुना व खडी धोपटून केलेली जमीन. पुढे सिमेंटच्या जमिनीसही तेच नाव मिळाले. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो व आर्द्रतेस वाट देतो. म्हणून आज कोणी तो पुन्हा मागतो, तेव्हा त्यास ‘चुन्याचा कोबा’ असे विशेषण जोडून सांगावे लागते. एके काळी जे गृहीत होते, ते आता उच्चारावे लागते. बांबूच्या आडोशास आपण ‘पार्टिशन’ म्हणतो. पण कामट्यांवर माती लिंपून केलेल्या भिंतीस ‘कुड’ हा शब्द आपल्याजवळ आहे, आणि त्याच्या मागे संस्कृत ‘कुड्य’ उभा आहे.

या सर्वांत ‘ओटा’ या शब्दाचा प्रवास अधिक बोलका आहे. एके काळी तो दाराबाहेर बसण्याचा उंचवटा होता. परका मनुष्य तेथे थांबे. शहरी घरात तोच शब्द स्वयंपाकघरात शिरला व शेगडी ठेवण्याच्या दगडी फळीस लागला. तेथे बहुधा घरातील स्त्री उभी असे, तीही भिंतीकडे तोंड करून. मुक्त मांडणीत मधली भिंत गेली. आता ओट्याशी काम करणारी व्यक्ती आणि आलेला पाहुणा समोरासमोर येतात. शब्दाचे हे दोन अर्थ पूर्वी घराच्या दोन टोकांना होते.

जुने शब्द लोपतात याची हळहळ स्वाभाविक असली, तरी ते ज्या मर्यादा सांगत त्या साऱ्याच जपण्याजोग्या नव्हत्या. म्हणूनच शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ नाव टिपून थांबू नये. त्या जागी कोण बसे, कोणास मज्जाव असे, हेही नोंदवावे. भिंत पाडण्यापूर्वी व नंतर घरातील माणसे त्याच जागेस काय म्हणतात, याची तुलना करण्याची संधी प्रत्येक नूतनीकरण देते. ती एकदाच मिळते.