दवाखान्यातून घरी आलेली हगवण

आमच्या सालेकसा तालुक्यात हगवण म्हटली की पावसाळा आणि गढूळ पाणी आठवते. पण शस्त्रक्रिया करून नागपूरहून परतलेल्या माणसाला भर हिवाळ्यात, घरात एकट्यालाच हगवण लागते, तेव्हा संशय पाण्यावर नव्हे, औषधांच्या पिशवीवर घ्यावा. प्रतिजैविकांनी रोगजंतूंबरोबर आतड्यातले उपकारक जंतूही मरतात. पुष्कळदा हे जुलाब औषध थांबताच आटोपतात. काहींच्या रिकाम्या आतड्यात मात्र ‘क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल’ ठाण मांडतो.

हॉल आणि ओ’टूल यांना १९३५ साली हा जंतू तान्ह्या बाळांच्या शौचात सापडला. वाढवायला कठीण, म्हणून ‘डिफिसिल’. प्रतिजैविकांनंतरच्या जीवघेण्या आतड्याच्या दाहामागे तोच आहे, हे कळायला १९७८ उजाडले.

गावात अशा वेळी दुकानातून जुलाब बांधणारी गोळी आणतात, वर आणखी एक प्रतिजैविक. दोन्ही घातक ठरू शकतात: पहिल्याने विष आतच कोंडते, दुसऱ्याने आगीत तेल. आधी शौचाची तपासणी, शरीरातले पाणी भरून काढणे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मूळ प्रतिजैविक शक्य तर बंद करणे, हा खरा क्रम.

नेहमीचे औषध व्हॅन्कोमायसिन: १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस, तेही तोंडानेच. शिरेतून दिलेले आतड्याच्या पोकळीत पोचत नाही. तोंडाने घेतलेले रक्तात फारसे न जाता नेमके तिथेच राहते. २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी फिडॅक्सोमायसिनला पहिली पसंती दिली, कारण त्यानंतर आजार कमी उलटतो. आपल्याकडे सर्रास मिळणारे मेट्रोनिडाझोल आता केवळ सौम्य आजारात, तेही इतर औषधे न मिळाल्यास.

उलटणे हीच या दुखण्याची खोड; सुमारे पाचातल्या एकाला ते पुन्हा होते. त्यावरचा उपाय ऐकून नाक मुरडले जाईल: निरोगी माणसाच्या शौचातले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडणे. डेन्व्हरमध्ये आयझमन यांनी १९५८ साली चार रुग्णांवर तो केला आणि तो हसण्यावारी गेला. २०१३ च्या डच चाचणीत वारंवार आजार उलटलेल्या १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले. केवळ व्हॅन्कोमायसिनवर १३ पैकी ४.

घरच्यांसाठी एक गोष्ट. सॅनिटायझरने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. हात साबण-पाण्याने चोळून धुवावे लागतात, आणि संडास क्लोरीनने.