कुमार जलतरणपटूंची शरीरयष्टी आणि वेग : निवडीच्या संदर्भात काही विचार

मायकेल फेल्प्स याची उंची 1.93 मीटर आणि पसरलेल्या हातांचा विस्तार सुमारे 2 मीटर, हा दाखला जलतरणाच्या चर्चेत हटकून दिला जातो. त्यावरून लांब हातांची, उंच मुले वेचून काढावीत व त्यांनाच शिकवावे, असा निष्कर्षही सहज काढला जातो. परंतु बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या मापांना कितपत वजन द्यावयाचे? रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. जेथे पाणी थोडे आणि शास्त्रोक्त शिकविणारा त्याहूनही दुर्मिळ, तेथे एकदा वगळलेल्या मुलाला दुसरी संधी सहसा मिळत नाही.

बांध्याचे महत्त्व मुळीच नाही असे कोणी म्हणणार नाही. पृष्ठभागावर पोहणारा देह नावेप्रमाणे लाटा निर्माण करतो आणि वेग वाढू लागला की या लाटांचाच अडथळा त्याला भारी होतो. तो अडथळा जेथे तीव्र होऊ लागतो ती वेगाची मर्यादा देहाच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. 1.50 मीटर आणि 1.65 मीटर उंचीची दोन मुले घेतल्यास या वर्गमुळांचे गुणोत्तर सुमारे 1.05 येते. 100 मीटर अंतरास पहिल्याला 70 सेकंद लागत असतील, तर इतर सर्व गोष्टी त्याच प्रमाणात आहेत असे धरून, दुसऱ्याला सुमारे 66.7 सेकंद लागावेत. हे गणित ढोबळ आहे. तथापि कुमारांच्या शर्यतीत तीन सेकंद म्हणजे किती, हे प्रशिक्षकास सांगावयास नको.

आता खरी मेख येथे आहे. ही पंधरा सेंटिमीटरांची तफावत एकाच वर्षी जन्मलेल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांत नित्य आढळते, आणि ती पुष्कळदा बांध्याची नसून वाढीच्या वेळापत्रकाची असते. उंचीची झेप मुलींत साधारणतः बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या सुमारास येते. परंतु व्यक्तिपरत्वे ती दीड-दोन वर्षे मागेपुढे होते. या झेपेच्या वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. स्नायूंचे बळ त्यामागून येते. शालेय स्पर्धांची वर्गवारी 14, 17 व 19 वर्षांखालील अशी, म्हणजे केवळ जन्मतारखेवर केलेली असते. त्यामुळे 14 वर्षांखालील गटात वयात आलेला मुलगा आणि अद्याप न आलेला मुलगा शेजारच्या मार्गिकांतून पोहतात, व पदक बहुधा पहिल्यास मिळते. त्यालाच प्रशिक्षण, तलाव आणि शिष्यवृत्ती मिळाली, की पुढचे यशही त्याचेच होते आणि आपली निवड अचूक होती असा भास होतो. मुलींच्या बाबतीत गुंतागुंत निराळी आहे. वयात येताना वाढणारी चरबी पाण्याहून हलकी असल्याने पाय तरंगते राहण्यास साहाय्य होते. पण देहाचा आकार बदलल्याने वर्ष-दोन वर्षे वेळ सुधारत नाही, आणि नेमक्या याच काळात ‘आता हिच्यात काही उरले नाही’ असा निर्णय दिला जातो. या निर्णयाइतका अशास्त्रीय निर्णय दुसरा नसेल.

विजेत्यांच्या मापांवरून नियम बसविण्यात आणखी एक तार्किक दोष आहे. 1991 मध्ये पर्थ येथील जागतिक स्पर्धेच्या वेळी खेळाडूंची शरीरमापे पद्धतशीरपणे घेण्यात आली. असा अभ्यास मोलाचा खराच. पण तो गाळणीतून पार पडलेल्यांचा असतो, गाळले गेलेल्यांचा नव्हे. शिवाय अपवाद थोडेथोडके नाहीत. जॅनेट इव्हान्स हिची उंची अवघी साडेपाच फुटांच्या आसपास. 1988 मध्ये सोल येथे सतराव्या वर्षी तिने तीन सुवर्णपदके जिंकली आणि 800 मीटरचा 1989 मधील तिचा विक्रम 2008 पर्यंत टिकला. कोसुके किताजिमा 1.78 मीटरचा, 2004 व 2008 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ब्रेस्टस्ट्रोकच्या दोन्ही शर्यती त्यानेच जिंकल्या. अंतर व शैली बदलली की बांध्याचे मोलही बदलते. 50 मीटरला जे अनिवार्य, ते 800 मीटरला नसते.

आपल्याकडे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. 1965 च्या युद्धात ते जायबंदी झाले आणि मूळचे मुष्टियोद्धे असताना पुढे जलतरणाकडे वळले. 1972 मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक त्यांनी 37.33 सेकंदांत मिळविले. कोल्हापूरचा वीरधवल खाडे हा 2008 मध्ये सोळाव्या वर्षी ऑलिंपिकला गेला. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले. 1986 मधील खजानसिंगांच्या रौप्यपदकानंतर जलतरणातले भारताचे हे पहिले आशियाई पदक. म्हणजे मधली चोवीस वर्षे रिकामी गेली. त्या काळात देशात उंच मुले जन्मलीच नाहीत, असे म्हणता येईल काय?

रेणापूरच्या परिसरातील मूल पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहावयास शिकते. सूर मारणे, दम धरणे, पाण्याची भीती नसणे हे गुण त्याला तेथे लाभतात. पण विहिरीत लांबी नसते. काही हात मारताच समोर काठ येतो, त्यामुळे मान वर व पाय खाली अशी तिरपी बैठक अंगवळणी पडते. देहाचा गुरुत्वमध्य उत्प्लावनाच्या मध्यापेक्षा पायांकडे असल्याने पाय मुळातच बुडू पाहतात. मान उचलली की ते अधिकच बुडतात आणि पाण्यासमोर येणारे क्षेत्र वाढते. तलावातल्या पहिल्या चाचणीत असा मुलगा मागे पडतो आणि दोष त्याच्या बुटकेपणावर ढकलला जातो. उंची शिकवून वाढत नाही, बैठक मात्र काही आठवड्यांत सुधारते. तेव्हा चाचणी त्यानंतर घेणे अधिक न्याय्य.

निवड करावयाचीच तर एका दिवसाच्या मापावर ती न करता दर तीन महिन्यांनी उंची, बैठी उंची व वजन नोंदवावे, म्हणजे वाढीची झेप येऊन गेली की यावयाची आहे हे कळते. आई-वडिलांची उंचीही विचारात घ्यावी. या नोंदींना उंचीपट्टी, वजनकाटा व एक वही पुरते. पोहण्याच्या वेळांची नोंद मात्र या भागात वर्षभर अखंड ठेवता येत नाही. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यातील हे गाव आहे. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि पाऊस पडेपर्यंत सराव थांबतो. तेवढे महिने वहीत वेळेचा रकाना कोरा सोडावा, शून्य लिहू नये.