शिवाजी पार्कची घरे

मुंबईतील दादर येथे शिवाजी पार्क हे सुमारे २८ एकरांचे विस्तीर्ण मैदान आहे. महानगरपालिकेने ते १९२५ साली लोकांसाठी खुले केले. त्या वेळी त्यास माहीम पार्क म्हणत. १९२७ साली अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले.

ही वस्ती वसली कशी, हे जाणण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीच्या, काळोख्या घरांत ती झपाट्याने पसरली. तेव्हा शहरात उजेड व वारा खेळावा, म्हणून १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते व मोकळ्या जागा आखण्यात आल्या. पुढे १९३० नंतरच्या काळात शिवाजी पार्कभोवती दोन-तीन मजल्यांच्या टुमदार इमारती उभ्या राहिल्या. गोलाकार सज्जे, ऐसपैस गॅलऱ्या आणि नक्षीदार कठडे ही त्यांची शोभा होय. शिक्षक, कारकून, डॉक्टर अशी मध्यमवर्गीय कुटुंबे तेथे भाड्याने राहू लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली. भाडेकरूंची अडवणूक होऊ नये, म्हणून १९४७ च्या कायद्याने घरभाडी साधारणपणे १९४० च्या पातळीवर रोखून धरली. त्यामुळे हजारो कुटुंबांचा निवारा टिकला. परंतु काळाबरोबर चुना, लोखंड, मजुरी हे सारे महागले. भाडे मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. घरमालक दुरुस्तीकडे दुर्लक्ष करू लागले. त्यातच समुद्र जवळ! खाऱ्या, दमट हवेने काँक्रीटमधील लोखंडी सळया गंजतात; गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे तुकडे निखळून पडतात.

अशा इमारती पाडून तेथे उंच इमारत बांधण्याचा एक मार्ग निघाला. बांधकाम करणारा जुन्या रहिवाशांस नवे घर विनामूल्य देतो आणि वरच्या मजल्यांवरील जादा घरे विकून आपला खर्च भरून काढतो. पण ही जादा घरे इतकी महाग असतात की, आजच्या शिक्षकास किंवा कारकुनास ती घेणे शक्य होत नाही. शिवाय वस्तीचे मूळ रूपही लोपते.

मुंबईत वारसावास्तूंच्या जतनाचे नियम १९९५ साली लागू झाले. २०१२ साली वारसास्थळांची नवी यादी पुढे आली, तीत शिवाजी पार्क परिसराचा समावेश होता. तेव्हा अनेक रहिवाशांनीच तिला विरोध केला. उंच इमारत बांधता आली नाही, तर आमच्या जीर्ण घरांचा खर्च कोण करणार, असा त्यांचा प्रश्न होता. तो अवाजवी म्हणता येणार नाही.

यावर एक तोड अशी आहे : वारसावास्तूच्या मालकास जे बांधकाम तेथे करता येत नाही, त्याचा हक्क तो दुसरीकडील बांधकामासाठी विकू शकतो. हा पैसा दुरुस्तीस लागला, तर वास्तूही टिकते आणि माणसेही. नुसती बंदी घातल्याने भिंती सुरक्षित होत नाहीत. त्यांच्या डागडुजीचा भार उचलावा लागतो.

सुंदर वास्तू हे शहराचे धन आहे, तसाच साध्या माणसाचा निवाराही. जतनाचा लाभ साऱ्या शहरास होत असेल, तर त्याचा खर्च एकट्या रहिवाशाने का सोसावा? याचा विचार नागरिकांनी केलाच पाहिजे.