ब्रह्मपुरीच्या आखाड्यातलं संगीत नाटक

जयपूर म्हटलं की मराठी रसिकाच्या ओठांवर अल्लादिया खाँसाहेबांचं नाव येतं. पण ज्या शहराच्या नावानं आपण त्यांची गायकी ओळखतो, त्याच शहरात गाऊन सादर होणाऱ्या नाटकाची एक परंपरा आहे आणि ती आपल्या संगीत रंगभूमीहून बरीच जुनी आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तोवर जयपूरच्या ब्रह्मपुरीतल्या भट्ट घराण्याच्या काही पिढ्या ‘तमाशा’ गाऊन गेल्या होत्या.

ब्रह्मपुरी ही नाहरगडाच्या पायथ्याची जुनी वस्ती. 1727 मध्ये सवाई जयसिंहानं जयपूर वसवायला घेतलं. त्याच्या दरबारी विद्वानांत मराठी माणसंही होती. राजाचे गुरू रत्नाकर पौंडरीक आणि युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट ही त्यांतली मोठी नावं. पौंडरीकांच्या घराण्याची चित्रांकित हवेली ब्रह्मपुरीत अजून उभी आहे. पुढे सवाई प्रतापसिंहाच्या कारकिर्दीत, म्हणजे 1778 ते 1803 या काळात, बन्शीधर भट्ट यांना राजाश्रय मिळाला आणि तमाशा जयपुरात रुजला. प्रतापसिंह स्वतः ‘ब्रजनिधी’ या नावानं काव्य करी. हवामहाल त्याचाच. त्याच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला ‘संगीतसार’ हा ग्रंथ शंभर वर्षांनंतर पुणे गायन समाजानं छापून काढला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

राजस्थानातली पाठ्यपुस्तकं सांगतात की तमाशा महाराष्ट्रातून आला. भट्ट घराणं दक्षिणेतून आग्र्यामार्गे इथे आलं, असंही सांगितलं जातं. मला यात हक्क सांगण्याचा मोह टाळावासा वाटतो. आपल्या तमाशातल्या गण-गवळण, ढोलकी, बतावणी यांतलं इथे काही नाही. इथे ख्याल आणि ध्रुपद यांच्यावर पोसलेलं गाणं आहे, आणि नाटक त्या गाण्यातूनच चालतं.

‘रांझा-हीर’ हा इथला सर्वांत लाडका खेळ. वारिस शाहनं 1766 मध्ये पंजाबीत अजरामर केलेली ही प्रेमकथा ब्रह्मपुरीत वेगळंच रूप घेते. पडदा नाही, विंग नाही, नेपथ्य नाही. मोकळ्या चौकाला आखाडा म्हणतात आणि होळीच्या सणात, दुपारच्या उन्हात, वस्तीतली माणसं त्याच्याभोवती दाटीनं बसतात. रांझा भगव्या वेषात, डोक्यावर कलगी, पायांत घुंगरू. हीरची भूमिका अनेकदा पुरुष करत आले. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्यात नवल वाटायचं कारण नाही. सोबतीला पेटी, तबला, सारंगी. भूपाली, जौनपुरी, मालकंस, दरबारी, बिहाग, केदार असे राग एकामागून एक येतात. मालकंस आणि दरबारी हे रात्रीचे राग भर दुपारी गायले जातात, कारण इथे घड्याळापेक्षा प्रसंगाची मागणी मोठी. विरह आला की विरहाचा राग आला. नाट्यपदांतही आपण हेच केलं. मध्येच ताज्या घडामोडींवर एखादी कोपरखळी निघते, चौक हसतो, आणि पात्र पुन्हा सुरावर येतं. हे जमायला गळा, तालाची जाण आणि हजरजबाबीपणा तिन्ही एकाच माणसात लागतात. ते लहानपणापासून कानांवर पडल्याशिवाय येत नाही. म्हणूनच घरातली मुलं आधी आखाड्याच्या कडेला बसून ऐकतात.

याच शहरात सवाई रामसिंह दुसरा यानं 1878 मध्ये रामप्रकाश नाट्यगृह बांधलं. पारशी कंपन्यांच्या झगमगाटाची त्याला ओढ होती. अशाच एका पारशी मंडळीचा खेळ पाहून पुण्यात किर्लोस्करांना ‘शाकुंतल’ सुचलं होतं. पण रामप्रकाशमध्ये पुढे चित्रपट लागू लागले आणि तिथलं नाटक संपलं. तिकीट नसलेला आखाडा मात्र संस्थानं गेली, सिनेमा आला, दूरचित्रवाणी आली, तरी भरत राहिला.

याचं कारण मला पंचांगात दिसतं. तमाशाचे खेळ तिथीला बांधलेले आहेत. होळीला ‘रांझा-हीर’, शीतलाष्टमीला ‘जुट्ठन मियाँ’, आणि चैत्र अमावास्येला आमेरच्या अंबिकेश्वर मंदिरात ‘गोपीचंद-भर्तृहरी’. नवनाथांच्या कथांतून मैनावती आणि तिचा गोपीचंद आपल्या घरोघरी पोचलेले आहेत, तेव्हा हा खेळ मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागणार नाही. कंपनीचं दिवाळं निघालं की नाटक बंद पडतं. तिथी दर वर्षी येतेच, आणि ती आली की घराण्याला उभं राहावं लागतं. फुलजी भट्ट, गोपीकृष्ण ऊर्फ गोपीजी भट्ट, वासुदेव भट्ट आणि त्यांच्यानंतर दिलीप भट्ट, तपन भट्ट अशी ही साखळी आहे. वासुदेव भट्ट आधुनिक रंगभूमीवरही वावरले. त्यामुळे आखाड्याबाहेरच्या नाट्यकर्मींची नजर या गाण्याकडे वळली.

तरीही काळजी वाटते. एका घराण्याच्या गळ्यावर इतकी मोठी परंपरा तोलून धरणं हे त्या घराण्यावर फार मोठं ओझं आहे. आपण भाग्यवान, की नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि पदांच्या स्वरलिपी छापल्या गेल्या. तमाशाच्या प्रत्येक खेळाचं संपूर्ण ध्वनिमुद्रण आणि स्वरलेखन तितक्याच मायेनं व्हायला हवं. ज्या पुण्यात ‘संगीतसार’ छापलं गेलं, तिथल्या संगीत संस्थांनी यात हात द्यावा, असं मनापासून वाटतं.

जयपूरला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे त्यांची शीतलाष्टमी म्हणजे आपली फाल्गुन वद्य अष्टमी, आणि त्यांची चैत्र अमावास्या म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्या आदली अमावास्या. होळी ते पाडवा हा पंधरवडा जयपुरात काढला तर तिन्ही खेळ पाहता येतात.