शेजाऱ्याला सांगायचे ते तोंडावर सांगा

भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत शेजाऱ्यापासून काही लपत नाही. फोडणी कशाची दिली हे पलीकडे कळते, रात्री कोण खोकले हेही कळते. आमच्या चंद्रपुरात तर उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला की किती तरी माणसे अंगणात खाट टाकून झोपतात. मग घरातले बोलणे घरात राहणार कसे? तेव्हा शेजाऱ्याला आपले काही कळले, ही तक्रार होऊच शकत नाही. खरी तक्रार असते ती न विचारता घरात शिरण्याची आणि घरातले चौकात नेण्याची. आम्हाला असा अनुभव आला. त्यात आमचीही मोठी चूक झाली. ती वाचकांपुढे कबूल करावी, म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. यजमान कोळसा खाणीत होते, ते वारले. मुले कामासाठी दूर गेली. मावशी दार वाजवीत नाहीत. "काय करून राहिली वं बाई?" म्हणत थेट स्वयंपाकघरात येतात. भांड्यावरचे झाकण उचलून पाहतात. आमचा पगार किती वाढला, सासूला पैसे किती पाठवले, सारे विचारतात. आम्ही हसून सोडून देत होतो.

एके दिवशी आमच्या मुलीच्या वर्गातील एक मुलगा वह्या द्यायला आला. दारातच दहा मिनिटे उभा राहिला व गेला. संध्याकाळी नळावर बातमी झाली, "पोरीचं जमलं म्हणते!" तिसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीहून नातेवाइकांचा फोन आला. मुलगी जेवली नाही. "मी आता कोणालेच घरी बोलावणार नाही," एवढेच म्हणाली. ती नर्सिंग शिकते. ज्या शिक्षणासाठी आपण पोटाला चिमटा घेतो, त्याच शिक्षणाला असली कुजबुज आडवी येते.

आमचा संताप झाला. पण आम्ही मावशींना एक शब्द बोललो नाही. आमच्या सहचारिणीने दाराला कडी लावायला सुरुवात केली आणि नळावर मन मोकळे केले. आम्ही पानठेल्यावर तेच केले. ही आमची चूक.

पंधरा दिवसांत आमचीच तक्रार रूप बदलून परत आली. नळावर एक बाई म्हणाली, "मावशीची नजरच चांगली नाही. येऊन गेली का माझं लेकरू दूध पीत नाही." दुसरी म्हणाली, "अमावस्येले रात्री मागच्या बाजूले काय करते कोण जाणे!" सहचारिणीने हे घरी सांगितले आणि प्रामाणिकपणे हेही सांगितले की आपण ऐकून घेतले, विरोध केला नाही.

आमच्या अंगावर काटा आला. कारण आपल्या या दोन जिल्ह्यांत असल्या बोलण्याचा शेवट काय होतो, हे आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द या गावी, दलित कुटुंबांतील सात जणांना भानामतीच्या संशयावरून भर चौकात बांधून मारले. त्यात बाया होत्या, म्हातारी माणसे होती. मे २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, बार्सेवाडा येथे, एक बाई व एक वयस्क गृहस्थ यांना जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून जाळून टाकले. मारणारे कोणी परमुलखातले नव्हते, गावचेच होते. तिथेही सुरुवात दोरखंडाने झाली नसावी. कुठल्या तरी ओट्यावर "तिची नजर चांगली नाही" असे कोणी म्हणाले असेल आणि ऐकणारे गप्प बसले असतील.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, असा संशय पसरवून तिला छळणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे आणि दंड ५ ते ५० हजार रुपये. या कायद्यावर आम्ही वस्त्यांतून बोलतो. आणि आमच्याच घराच्या तक्रारीवर एका एकट्या विधवा बाईच्या नावाने अशी कुजबुज उभी राहत होती.

त्या रात्री आम्ही कारकुनी पद्धतीने वही घेतली व दोन रकाने पाडले. एका बाजूला मावशींचे अपराध सात निघाले. त्यांतले चार नुसते कुरकुरण्याचे होते. खरे तीनच: दार न वाजवता येणे, मुलीला लग्नाचे विचारणे आणि घरातले नळावर नेणे. दुसऱ्या बाजूला लिहिले: गॅसचे सिलिंडर त्या उतरवून घेतात, टँकर आला की आमचा ड्रम आधी भरतात. जुलै २०२२ मध्ये इरईचे पाणी सखल वस्त्यांत शिरले, तेव्हा आमची कागदपत्रांची पेटी त्यांनीच माळ्यावर चढवली होती. वही पाहून राग गेला नाही. पण बोलायचे काय, ते कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नळावर कोणी नसताना, सहचारिणी त्यांच्या घरी गेली. चहा झाल्यावर म्हणाली, "मावशी, राग नका मानू. दार वाजवून येत जा. पोरीले लग्नाचं नका विचारू, मले विचारा. आन् घरातलं नळावर गेलं तर तिचं शिक्षण बंद पडंल." मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मले कोण सांगते वं काही? दिवसभर घरात भिंतीच असतात." नंतर सहचारिणी नळावरही गेली आणि सर्वांदेखत म्हणाली, "नजरबिजर काही नसते. आमचं भांडण होतं, ते मिटलं."

मावशी बदलल्या का? थोड्या. आता दार वाजवतात, मग आत येतात. झाकण अजून उचलतात. मुलगी त्यांना रोज संध्याकाळी मुलांना फोन लावून देते. नळावर बोलायला त्यांना आता स्वतःच्या नातवंडांच्या गोष्टी असतात.

एक मात्र ध्यानात ठेवावे. चौकसपणा वेगळा आणि त्रास वेगळा. कोणी बाईच्या अंघोळीच्या जागी डोकावत असेल, चोरून फोटो काढत असेल, मुलीचा पाठलाग करत असेल, तर तिथे चहा नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ व ७८ खाली ते गुन्हे आहेत. ११२ क्रमांकावर फोन करावा, ठाण्यात तक्रार द्यावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींना, उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. जातीवरून शिवीगाळ झाली तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहेच.

पण शेजारी नुसता चौकस असेल तर त्याच्या दारी जाऊन, एकांतात, नेमके काय खटकते ते सांगावे. आणि नळावर कोणी एखाद्या एकट्या बाईविषयी "तिची नजर" म्हणून बोलू लागले, तर त्याच क्षणी तिथेच अडवावे. आम्ही पंधरा दिवस उशीर केला. आपण करू नये.