संगणकाची कीर्द-खतावणी

माझा पुतण्या पुण्यात वेब डेव्हलपर आहे. म्हणजे नेमके काय, हे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना अद्याप नीटसे उमगलेले नाही. ‘तो संकेतस्थळे बांधतो’ एवढ्यावर त्यांचे समाधान करण्यात येते. त्याला एक जुन्या वळणाची सवय आहे. कामात नवे अवजार हाती लागले, एखादी अडचण सुटली, की तो ते तारीख घालून एका जाड वहीत टिपून ठेवतो. गेल्या दिवाळीत तो चार दिवस मुक्कामास आला, तेव्हा ती वही मी मागून घेतली. सारी नोकरी बँकेत दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेलेल्या माणसाला वही दिसली की राहवत नाही.

प्रथम वाटले, यातले अक्षरही आपल्याला कळणार नाही. पण दुसऱ्याच पानावर एक वाक्य भेटले आणि मी थबकलो. त्याने लिहिले होते, ‘झालेली नोंद खोडायची नाही. चूक असेल तर उलट नोंद टाकायची.’ हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकले होते. लेजरात चुकीचा आकडा पडला तर तो पात्याने खरवडायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी; वर बरोबर आकडा लिहायचा आणि अधिकाऱ्याची सही घ्यायची. चूक उशिरा ध्यानात आली असेल तर जमेची नावे आणि नावेची जमा अशी उलट नोंद करायची. आपल्या पेढ्यांवरील मुनीमही हेच शिकवीत आले आहेत.

“हे तुला कोणी सांगितले?” मी विचारले.

“काका, कोणी सांगितले नाही. गिट असेच चालते.”

गिट हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे अवजार. आज जगातील बहुतेक सॉफ्टवेअर त्याच्या आधाराने लिहिले जाते. पण ते जन्मले एका घाईतून. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स या प्रणालीवर जगभरातील असंख्य लोक काम करीत असतात. कोणी कोणता बदल केला, याची व्यवस्था ठेवण्यासाठी ते २००२ पासून बिटकीपर नावाचे एका खासगी कंपनीचे सॉफ्टवेअर वापरीत. त्यांना ते फुकट मिळत असे. २००५ मध्ये वाद झाला आणि कंपनीने सवलत काढून घेतली. दुसऱ्याच्या सवलतीवर धंदा उभा केला की काय होते, हे आपल्याला सांगायला नको. टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ रोजी स्वतःचे अवजार लिहावयास घेतले आणि चार दिवसांत ते स्वतःच्याच बदलांची नोंद स्वतः ठेवू लागले. त्याच जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती गिटच्या व्यवस्थेतून बाहेर पडली.

गिटमध्ये प्रत्येक बदलाची एक नोंद होते. त्या नोंदीत बदल कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला, हे असते. व्हाउचरवरील तपशिलाचा रकाना रिकामा ठेवला तर आम्ही ते परत करीत असू. येथेही तसेच आहे, फक्त आळशी माणसे तेथेही ‘दुरुस्ती’ एवढेच लिहून मोकळी होतात, असे पुतण्याने कबूल केले. प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक १, २, ३ असा ओळीने दिलेला नसतो. नोंदीतील मजकूर, लिहिणाऱ्याचे नाव, वेळ आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक या सर्वांवरून गणित करून तो काढलेला असतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या एका नोंदीत कोणी एक स्वल्पविराम जरी फिरवला, तरी तिचा क्रमांक बदलतो आणि तिच्यामागून आलेल्या सर्व नोंदींचेही क्रमांक बदलतात. मागच्या पानावरची शिल्लक पुढच्या पानावर ओढण्याची आपली पद्धत याच जातीची आहे. एका पानाशी खेळ केला की पुढची सगळी पाने बोलू लागतात.

येथे मी एक आक्षेप घेतला. पान फाडून सगळीच वही नव्याने लिहिली तर? पुतण्या म्हणाला, तसे करता येते, आणि लोक करतातही. परंतु वही एकाकडे नसते. त्या कामावर असलेल्या प्रत्येकाच्या संगणकावर साधारणपणे तिची अथपासून इतिपर्यंत प्रत असते. एकाने आपली वही नव्याने लिहिली की उरलेल्यांच्या प्रतींशी ती जुळत नाही आणि बोभाटा होतो.

गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की प्रोग्रॅममधील प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कोणी बदलली त्याचे नाव आणि तारीख उमटते. दोषारोप असा अर्थ असला तरी ती बहुधा चौकशीसाठी वापरतात. मला मात्र ‘बायसेक्ट’ ही आज्ञा सर्वांत मोलाची वाटली आणि तिने एक जुनी आठवण जागी केली.

मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी बचत खात्यांच्या लेजरांवर होतो. महिनाअखेरचे बॅलन्सिंग लागेना. फरक होता अठरा रुपयांचा. फरकाला नऊने भाग जातो, म्हणजे बहुधा आकड्यांची अदलाबदल झाली असावी, एवढे ठाऊक होते. पण कोणत्या खात्यात, हे कोण सांगणार? तीन संध्याकाळी आम्ही चौघे व्हाउचरांशी लेजर पडताळीत बसलो. अखेर तेराच्या जागी एकतीस लिहिलेली एक नोंद सापडली, ती महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातील. बायसेक्ट हाच शोध निराळ्या रीतीने घेते. कार्यक्रम एक तारखेला चालत होता, आज बिघडला आहे आणि मध्ये हजार बदल झाले आहेत. तर ती थेट मधल्या, पाचशेव्या बदलाशी जाते आणि तेथे चालतो का ते पाहावयास सांगते. चालत असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे अर्धे. हजार बदलांतून दोषी बदल फार तर दहा पायऱ्यांत हाती येतो. हे आम्हाला तेव्हा का सुचले नाही, असे मनात आले. मग ध्यानात आले की सुचूनही उपयोग नव्हता. आमच्या लेखी एक पायरी म्हणजे मधल्या तारखेची सगळी खाती पुन्हा जुळवणे. संगणकाला तो हिशेब काही क्षणांचा.

या सगळ्याशी व्यापाऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध कायद्यानेच जोडला आहे. १ एप्रिल २०२३ पासून जी कंपनी आपले हिशेब सॉफ्टवेअरवर ठेवते, तिच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. त्याला ऑडिट ट्रेल म्हणतात. आमच्या थोरल्या बंधूंचे हार्डवेअरचे घाऊक दुकान भागीदारीचे असल्याने त्यांना हा नियम लागू नाही. ते अजून संगणकाच्या जोडीने हाताचा रोजमेळही लिहवितात. परंतु आसपासच्या खेड्यांतील दुकानदारांच्या ऑर्डरी गेली दोन वर्षे पुतण्याने बांधलेल्या संकेतस्थळावरून येतात आणि दादांच्या उलाढालीचा मोठा भाग आता त्यावर अवलंबून आहे. म्हणून वहीतील पुढची पाने वाचताना मी जरा सावरून बसलो.

पुल रिक्वेस्टबद्दल थोडक्यात सांगतो, कारण बँकेतील माणसाला ती ओळखीची आहे. एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने तपासून मंजूर केल्याखेरीज मुख्य वहीत जात नाही. आमच्याकडे याला मेकर-चेकर म्हणत. अलीकडच्या पानांवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसांविषयी बरेच आहे. सांगितले की ते क्षणात पानेच्या पाने कोड लिहून देतात. पुतण्या त्यांचा वापर करतो, पण त्याने समासात लाल शाईने लिहून ठेवले आहे, ‘जी ओळ मला समजावून सांगता येत नाही, ती माझ्या नावावर घालायची नाही.’ व्हाउचरवर ज्याची आद्याक्षरे, त्याची जबाबदारी.

आता खरी काळजीची गोष्ट. संकेतस्थळ बांधणारा सगळा कोड स्वतः लिहीत नाही. इतरांनी लिहून मोफत ठेवलेले लहान-लहान भाग तो जोडतो. ते भाग आणखी इतरांच्या भागांवर उभे असतात. दादांच्या संकेतस्थळासाठी पुतण्याने स्वतः निवडलेले भाग तीसएक. त्यांच्यामागून ओढले गेलेले धरून आठशेच्या वर! दादा त्या वेळी तेथेच बसले होते. त्यांनी विचारले, “यातल्या किती जणांना तू ओळखतोस?” तो म्हणाला, “एकालाही नाही.”

यातून काय होऊ शकते याचे एक उदाहरण त्याच्या वहीत होते. बिल क्रमांक ४७ असेल तर तो ००४७ असा दिसावा, एवढेच काम करणारा ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा एक भाग होता. त्याच्या लेखकाचा, हे सर्व भाग जेथे ठेवलेले असतात त्या एनपीएम या भांडाराशी एका नावावरून वाद झाला आणि मार्च २०१६ मध्ये त्याने रागाने आपले सगळे भाग काढून घेतले. जगभरातील मोठमोठ्या कंपन्यांची कामे त्या अकरा ओळींवाचून अडली. काही तासांत भांडाराने तो भाग परत ठेवला, तेव्हा गाडी चालू झाली.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. माहिती दाबून लहान करणारे एक्सझेड नावाचे अवजार लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत असते. ते वर्षानुवर्षे मुख्यतः एकच गृहस्थ, बिनपगारी, सांभाळीत होते. त्यांचे नाव लासे कॉलिन. प्रकृतीच्या तक्रारीमुळे कामास वेळ देता येत नाही, असे त्यांनी उघड सांगितले होते. त्याच सुमारास जिया टॅन या नावाने कोणी मदतीस येऊ लागला. काम चोख आणि वागणूक नम्र. इतर काही अनोळखी नावांनी मात्र कॉलिन यांच्यामागे तगादा लावला, की काम होत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. दोनेक वर्षांत किल्ल्या जिया टॅनच्या हाती आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नव्या आवृत्तीत त्याने एक चोरदरवाजा बसवला होता. त्यातून कोणत्याही बाधित संगणकात शिरता आले असते. मुख्य मेख अशी की चोरदरवाजा चालू करणारा तुकडा गिटच्या उघड वहीत नव्हताच. लोकांना वाटण्यासाठी जे गाठोडे बांधले त्यातच तो घातला होता. दाखवायची वही एक आणि वापरायची दुसरी, ही युक्ती नवी आहे असे समजण्याचे कारण नाही.

सदैव हजर, कधी रजा न घेणारा, सर्वांच्या मदतीला धावणारा कर्मचारी बँकेत प्रत्येकाला आवडतो. याच कारणाने महत्त्वाच्या जागांवरील माणसांना वर्षातून काही दिवस सक्तीने रजेवर पाठवितात, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्याचे डोळे त्या कामावरून फिरतात. कॉलिन यांच्याकडे पाठवायला दुसरे डोळेच नव्हते.

हे उघडकीस आले ते आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे. हे डेटाबेसवर काम करणारे अभियंते, सुरक्षातज्ज्ञ नव्हेत. आपल्या कामासाठी वेग मोजत असताना त्यांना दिसले की संगणकात दुरून प्रवेश करण्यास पूर्वी सुमारे ०.३ सेकंद लागत, ते आता ०.८ लागत आहेत. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी चहाचा घोट घेऊन पुढे चालू केले असते. हे गृहस्थ त्या फरकाच्या मागे लागले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारा प्रकार जाहीर केला. बाधित आवृत्ती तोवर बहुतांशी चाचणीच्या प्रतींतच पोहोचली होती, म्हणून निभावले. जिया टॅन कोण होता, हे अद्याप उघड झालेले नाही. मला आमचे अठरा रुपये आठवले. ‘खिशातून भरून टाका आणि घरी चला’ असे त्या संध्याकाळी आमच्यातील एक जण म्हणाला होता. मला वाटते, मीच तो.

दादांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला. “या कॉलिनला पैसे कोण देत होते?”

“कोणी नाही.”

“आणि आपले आठशे?”

“बहुतेकांना कोणीच देत नाही. काही जण ऐच्छिक मदत स्वीकारतात.”

दादा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ज्यांच्यावाचून आपल्या ऑर्डरी अडतील, अशा दोघा-तिघांची नावे काढून दे.” पुतण्याने त्या रात्री यादी केली, प्रत्येक भागाचा शेवटचा बदल कधी झाला आणि तो किती जण सांभाळतात, हे शेजारी लिहिले. त्यांतील दोन भाग एकेकटी माणसे सांभाळीत होती. त्या दोघांना दरमहा थोडी रक्कम पाठविण्याचे ठरले. शिवाय नवी आवृत्ती आली की ती लगेच न चढवता काही दिवस थांबून पाहायचे, हेही ठरले.

पाडव्यानंतर मी दुकानात गेलो तेव्हा पहिली रक्कम गेली होती. मुनीमजींनी रोजमेळात ती ‘धर्मादाय’ खात्यावर लिहिली होती. दादांनी चष्मा लावून नोंद वाचली आणि नकारार्थी मान हलवली. मुनीमजींनी त्या शब्दावर एक आडवी रेघ मारली, वर ‘दुरुस्ती व देखभाल’ असे लिहिले आणि वही सहीसाठी दादांपुढे सरकवली.