फॉक्सप्रो कुणी संपवलं?

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासची फी भरलेल्यांना ‘यूज’, ‘ब्राउज’, ‘पॅक’ या कमांड अजून आठवत असतील. त्या फॉक्सप्रोच्या. अमेरिकेत ओहायोतल्या पेरिसबर्ग या छोट्या गावी डेव्ह फुल्टन यांच्या फॉक्स सॉफ्टवेअरनं हा डेटाबेस बनवला आणि तो गाजला वेगामुळे.

त्या वेगाचं नाव रशमोर. लाखभर ग्राहकांतून पुण्याचे थकबाकीदार काढायचे, तर साधा प्रोग्राम एकेक नोंद उघडून बघत बसतो. रशमोर आधी फक्त इंडेक्स बघतं. ‘पुणे’ या अटीसाठी शून्य आणि एक यांची एक पट्टी, ‘थकबाकी’साठी दुसरी, प्रत्येक नोंदीला एक बिट. दोन्ही पट्ट्यांत जिथे एक, तेवढ्याच नोंदी डिस्कवरून उचलायच्या. साध्या ३८६ पीसीवर याचा मोठा फरक पडे.

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं फॉक्स विकत घेतली. त्याच वर्षी त्यांचा स्वतःचा डेटाबेस, अ‍ॅक्सेस, बाजारात आला. त्यांचाच एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस होताच. १९९४ च्या अ‍ॅक्सेस २.० मध्ये रशमोरही आलं. मग फॉक्सप्रोचं वेगळं काय उरलं? नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, हे खरं. पण एका टेबलाची दोन जीबीची मर्यादा कधी उठली नाही आणि ६४ बिटची आवृत्तीही आली नाही. शेवटची ९.० आवृत्ती २००४ ची. पुढची काढणार नसल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्टही संपला. याला खून म्हणणं अतिशयोक्ती. सावत्रपणा मात्र नक्की होता.

डेटाची फाइल मात्र टिकली. डीबेस या आधीच्या डेटाबेसकडून आलेली ही डीबीएफ रचना अगदी उघडी: सुरुवातीला रकान्यांची माहिती, मग सारख्या लांबीच्या नोंदी. नोंदीची पहिली जागा रिकामी किंवा तिथे फुली (*). ‘डिलीट’ म्हटलं की नुसती फुली पडते. ‘पॅक’ करेपर्यंत नोंद जागच्या जागी असते. अशी फाइल लिबरऑफिस आजही उघडतं.

अडतं ते मराठी मजकुरापाशी. पीसीवर भारतीय लिप्या आणणाऱ्या सीडॅकच्या जिस्ट कार्डाच्या काळातला मजकूर बहुधा इस्की या जुन्या भारतीय लिपिसंकेतात असतो, आजच्या युनिकोडमध्ये नव्हे, म्हणून आज तो अगम्य चिन्हांसारखा दिसतो. तुमच्या पतपेढीत किंवा संस्थेत अशा फाइली असतील, तर नुसती कॉपी करून थांबू नका. जुनं मशीन चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि काही नावं मूळ रजिस्टरशी ताडून बघा.